वाहते नाक आणि हिस्टामीनची हुंडी

शापोरा नदीच्या उत्तर तीरावर, पेडणे तालुक्यात, चोपडे हे गाव वसले आहे. समोरच्या तीरावर बार्देशातील शिवोली. पूर्वी ह्या दोन तीरांमध्ये फेरीबोट चाले. आता पूल झाला आहे, आणि मोरजी, मांद्रे, हरमल ह्या गावांकडे जाणारी पुष्कळशी रहदारी चोपड्यावरूनच होते. एका अंगास नदीचे खारे पाणी, दुसऱ्या अंगास माडांची व काजूची झाडी, आणि वर्षातून चार महिने कोसळणारा पाऊस. अशा स्थळी हवा कशी असावयाची, हे कोकणपट्टीतील वाचकांस सांगावयास नको. आषाढ लागला की भिंतीला ओल, पोत्याला ओल, आणि वहीच्या पानालाही ओल.

ह्या गावी आमच्या एका स्नेह्यांचे किराणा-भुसाराचे दुकान आहे. तांदूळ, कुळीथ, सुक्या मिरच्या, खोबरे, सोले, चिंच असा सर्व जिन्नस ते ठेवतात. गोमंतकात पावसाळ्याच्या बेगमीला 'पुरुमेत' म्हणतात. मे महिन्यात ही पुरुमेताची विक्री सुरू झाली की दुकानात पाय ठेवण्यास जागा नसते. आम्ही अनेक वर्षे त्यांचेकडे जातो-येतो. आणि प्रत्येक वेळी एक दृश्य ठरलेले. सकाळी दुकानाच्या फळ्या काढल्या, जुने पोते हलविले, की आमच्या स्नेह्यांना शिंकांची माळ लागावयाची. एकामागून एक दहा-बारा शिंका, नाकातून स्वच्छ पाण्याची धार, डोळ्यांना व टाळूला खाज. समोर गिऱ्हाईक उभे, एका हातात तराजू व दुसऱ्या हातात रुमाल. घरची मंडळी म्हणत, "ह्यांना सर्दीची खोडच आहे."

ह्या खोडीवर त्यांनी स्वतःच एक उपाय शोधून काढला होता. औषधांच्या दुकानातून कोणीतरी कधीकाळी दिलेली एक स्वस्त गोळी ते रोज सकाळी घेत. शिंका थांबत, परंतु दुपारपर्यंत डोळ्यांवर झापड असे. एकदा वहीत बाराशेंच्या ठिकाणी एकशेवीस लिहिले गेले, आणि त्याचा उलगडा होण्यास पंधरा दिवस गेले. पुढे एका शुक्रवारी म्हापशाचा बाजार आटोपून ते स्कूटरवरून परत येत असता, पूल लागण्याच्या थोडे अलीकडे त्यांचा डोळा लागला आणि गाडी रस्त्याच्या कडेस गेली. गुडघे फुटले, एवढ्यावरच निभावले. समोरून ट्रक येत असता तर काय झाले असते, ह्याचा विचारही करवत नाही.

हा प्रसंग ऐकल्यावर आमच्या मनात प्रश्न आला तो असा: नाकातून पाणी येणे आणि डोळ्यांवर झोप येणे, ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय? जी गोळी नाक बंद करते, तीच मेंदू का झोपविते? ह्या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांनी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत फार सुंदर रीतीने शोधून काढले आहे, आणि ते आपल्या व्यापारी बंधूंच्या उपयोगाचे आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

नाकाचा धंदा

प्रथम हे ध्यानात घ्यावयास हवे की, नाकातील श्लेष्मा ही घाण नव्हे; ती नाकाची मिळकत आहे. आपण आत घेतो ती हवा गरम करणे, ओलसर करणे आणि गाळणे हा नाकाचा धंदा. त्यासाठी नाकाच्या आतील अस्तरावर, म्हणजे श्लेष्मल त्वचेवर, चिकट पातळ द्रवाचा एक थर सदैव पसरलेला असतो. त्यात बहुतांश पाणीच. उरलेल्या थोड्या भागात क्षार, प्रथिने व चिकटपणा आणणारी द्रव्ये. हा थर एका जागी राहत नाही. त्याखालील सूक्ष्म केसांसारखे तंतू एका दिशेने वल्ही मारल्याप्रमाणे हालत असतात, आणि धूळ, जंतू, बीजाणू ह्यांसकट तो थर घशाकडे वाहून नेतात. वैद्यकात ह्याची एक सोपी परीक्षा आहे: नाकपुडीत थोडे आत सॅकरिनचा कण ठेवावयाचा आणि जिभेला गोडी केव्हा लागते ते पाहावयाचे. निरोगी माणसास साधारणतः वीस मिनिटांच्या आत गोड लागते.

तेव्हा थोडा श्लेष्मा हवाच. प्रश्न उद्भवतो तो, कारण नसताना त्याचा पूर का यावा हा. पूर सोडण्याचा हुकूम कोण देतो?

हुंडी लिहिणारा कोण?

हा हुकूम पुष्कळ वेळा एक लहानसे रासायनिक द्रव्य देते. त्याचे नाव हिस्टामीन. इ. स. १९०७ मध्ये ते प्रथम प्रयोगशाळेत बनविले गेले. १९१० मध्ये लंडनमध्ये हेन्री डेल व पॅट्रिक लेडलॉ ह्यांनी प्राण्यांच्या शरीरावर त्याचा परिणाम तपासला, आणि असे आढळले की, ते टोचताच रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो व श्वासनलिका आवळली जाते. ज्याला आपण 'वावडे' म्हणतो आणि कोशकार 'अधिहर्षता' म्हणतात, त्या ॲलर्जीची लक्षणेही अशीच असतात, हे हळूहळू लक्षात येऊ लागले. 'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाच्या पिर्के ह्या बालरोगतज्ज्ञाने १९०६ मध्येच रूढ केला होता. पुढे १९२७ मध्ये हिस्टामीन हे बाहेरून येणारे द्रव्य नसून आपल्या शरीरातच असते, हे सिद्ध झाले. आणि १९५० नंतर ते मुख्यत्वे मास्ट पेशी नावाच्या पेशींत साठविलेले असते, हेही कळून आले. ह्या पेशींचे नाव पॉल अर्लिक ह्या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच ठेवले होते. कणांनी गच्च भरलेल्या ह्या पेशी त्यास पोटभर जेवलेल्यासारख्या दिसल्या.

आमच्या वाचकांस ही व्यवस्था हुंडीच्या उदाहरणाने चटकन उमजेल. मास्ट पेशी ही लिहिणारी पेढी. तिच्या दारावर पहारेकरी म्हणून 'आयजीई' नावाची प्रतिपिंडे उभी असतात. ही प्रतिपिंडे इशिझाका पती-पत्नींनी अमेरिकेत १९६६ मध्ये आणि योहान्सन व बेनिख ह्यांनी स्वीडनमध्ये १९६७ मध्ये स्वतंत्रपणे ओळखली. ज्या माणसाला एखाद्या वस्तूचे वावडे असते, त्याच्या ह्या पहारेकऱ्यांनी ती वस्तू शत्रू म्हणून नोंदवून ठेवलेली असते. तो कण नाकात शिरला की पहारेकरी ओरड करतात आणि पेढी काही मिनिटांत हिस्टामीनच्या हुंड्यांचा ढीग बाहेर फेकते.

परंतु हुंडी म्हणजे रोकड नव्हे. ती ज्या पेढीवर लिहिली असेल तेथे सकारली गेली, तरच पैसे मिळावयाचे. हिस्टामीनचेही तसेच. पेशींच्या पृष्ठभागावर त्याला ओळखून घेणारे ठराविक रेणू असतात. त्यांस 'ग्राही' म्हणतात. ग्राही नसेल तेथे हिस्टामीन कितीही आले तरी काडीचा फरक पडत नाही. आणि एकच हुंडी निरनिराळ्या ग्राहींवर निरनिराळे काम घडविते.

चार पेढ्या

हे ग्राही एकाहून अधिक प्रकारचे आहेत हे औषधांमुळेच कळले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत डॅनियल बोव्हे ह्यांनी १९३७ मध्ये हिस्टामीनला अडविणारे पहिले द्रव्य दाखविले. ते माणसास देण्याइतके निर्धोक नव्हते. पण त्या वाटेने पुढील काही वर्षांत अनेक गोळ्या निघाल्या, आणि १९५७ मध्ये बोव्हे ह्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या गोळ्यांनी शिंका थांबत, अंगावरील पित्ताच्या गांधी बसत. परंतु हिस्टामीनमुळे पोटात सुटणारे आम्ल मात्र मुळीच थांबेना! ह्या एका विसंगतीवरून संशोधकांनी ताडले की, पोटातील पेढी वेगळी असली पाहिजे. १९६६ मध्ये पहिल्या प्रकारास 'एच-१' असे नाव मिळाले; १९७२ मध्ये जेम्स ब्लॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा, 'एच-२', अडवून दाखविला आणि आम्लपित्तावरील औषधांचे एक नवे युग सुरू झाले. ब्लॅक ह्यांस १९८८ मध्ये नोबेल मिळाले. १९८३ मध्ये मज्जातंतूंच्या टोकांवरील 'एच-३' आणि शतक बदलण्याच्या सुमारास पांढऱ्या रक्तपेशींवरील 'एच-४' हे ग्राही उजेडात आले.

नाकाच्या बाबतीत ह्या चौघांत मुख्य मान एच-१ चा. खाज, शिंका व पाणी ही तिन्ही प्रामुख्याने त्याच्याच द्वारे घडतात. एच-२ ग्राहीही नाकात असतात. रक्तवाहिन्या फुगण्यात त्यांचा काही वाटा आहे. परंतु केवळ एच-२ अडविणारे, म्हणजे आम्लपित्ताचे, औषध घेऊन वाहते नाक थांबविता येत नाही. एच-३ व एच-४ ह्यांचा नाकातील व्यवहार अद्याप अभ्यासाचा विषय आहे.

एका नाकपुडीचा प्रयोग

आता खरी नवलाची गोष्ट. सर्वसामान्य समजूत अशी की, हिस्टामीन श्लेष्मा बनविणाऱ्या ग्रंथींवर जाऊन बसत असेल आणि त्यांस 'सोडा पाणी' म्हणून सांगत असेल. वस्तुतः ग्रंथींवर त्याचा प्रत्यक्ष परिणाम अल्पच आहे. मग एवढे पाणी येते कोठून?

शास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. हिस्टामीन केवळ एका नाकपुडीत लावले. दुसरीस स्पर्शही केला नाही. काही वेळातच दोन्ही नाकपुड्यांतून पाणी वाहू लागले! ज्या बाजूस हुंडी पोहोचलीच नाही, तेथेही पैसे चुकते झाले. ह्याचा अर्थ, निरोप दुसऱ्या वाटेने गेला असला पाहिजे. आणि ती वाट मज्जातंतूंची. हिस्टामीन प्रथम संवेदना नेणाऱ्या तंतूंच्या टोकांवरील एच-१ ग्राहींवर बसते. खाजेची वर्दी मेंदूच्या तळाशी जाते. तेथून शिंकेचा हुकूम सुटतो आणि त्याचबरोबर दोन्ही बाजूंच्या ग्रंथींकडे परतीचे तंतू निरोप आणतात. हा परतीचा निरोप देणारे द्रव्य निराळेच. त्याचे नाव ॲसिटिलकोलीन. दुसऱ्या नाकपुडीत ॲसिटिलकोलीनला अडविणारे ॲट्रोपीन आधी लावून ठेवले, तर ती बहुतांशी कोरडी राहते.

ह्याशिवाय आणखी एक ओघ आहे. रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरील एच-१ ग्राही हिस्टामीन घेताच त्या भिंतींत सूक्ष्म फटी पडतात आणि रक्तातील पाणी झिरपून बाहेर येते. म्हणजे नाकातील धार ही दोन प्रवाहांचा संगम होय: एक ग्रंथींचा, मज्जातंतूंच्या हुकमाने आलेला, दुसरा रक्तवाहिन्यांचा, गळतीने आलेला.

येथे एक योगायोग नमूद केल्यावाचून राहवत नाही. ज्या हेन्री डेल ह्यांनी हिस्टामीनची कीर्ती केली, त्यांनाच १९३६ मध्ये ओटो लोवी ह्यांच्यासह नोबेल मिळाले, ते मज्जातंतू रासायनिक द्रव्याने निरोप देतात ह्या संशोधनाबद्दल; आणि त्या कथेतील प्रमुख द्रव्य होते ॲसिटिलकोलीन. डेल ह्यांनी दोन वेगळ्या वाटांनी पाहिलेली ही दोन द्रव्ये आपल्या एका शिंकेत एकत्र येतात.

दर्शनी आणि मुदती

हुंडीचा दाखला आणखी थोडा पुढे नेता येईल. हिस्टामीनची हुंडी दर्शनी असते. दाखविली की सकारली. पाच-दहा मिनिटांत शिंका, पाणी, खाज. परंतु त्याच वेळी मास्ट पेशी इतरही द्रव्ये सोडतात, आणि ती पांढऱ्या रक्तपेशींना नाकात बोलावून आणतात. ही मुदती हुंडी होय. चार ते बारा तासांनी तिचा भरणा होतो. मग रात्री नाक चोंदते, तोंडाने श्वास घ्यावा लागतो, झोप मोडते. हिस्टामीनविरोधी गोळीने दर्शनी हुंडी थांबते, पण मुदती हुंडीवर तिचा अंमल फारसा चालत नाही. म्हणूनच अनेकांचा अनुभव असा की, गोळीने शिंका थांबल्या, पण नाक चोंदलेलेच राहिले. चोंदण्यावर नाकात मारावयाचे स्टेरॉइडचे फवारे अधिक गुणकारी ठरतात. ते रोज नेमाने घ्यावे लागतात, गुण येण्यास काही दिवस लागतात, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावेत.

प्रत्येक शिंक हिस्टामीनची नव्हे

चोपड्याच्या दुकानात आणखी एक धडा मिळतो. जवळच्या हरमलची मिरची प्रसिद्ध आहे. सुक्या मिरचीचे पोते उघडले की मालक, हमाल, गिऱ्हाईक, सारेच शिंकू लागतात. हे वावडे नव्हे. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य हिस्टामीनची हुंडी लिहून घेण्याच्या भानगडीतच पडत नाही. ते थेट मज्जातंतूंवरील, उष्णतेची जाणीव देणाऱ्या एका वेगळ्याच ग्राहीवर जाऊन बसते. हा ग्राही डेव्हिड ज्युलियस ह्यांनी १९९७ मध्ये शोधून काढला व त्यांस २०२१ मध्ये नोबेल मिळाले. परतीचा मार्ग मात्र तोच, ॲसिटिलकोलीनचा. म्हणून पाणी तसेच वाहते. अशा शिंकांवर हिस्टामीनविरोधी गोळी घेणे म्हणजे दुसऱ्याच पेढीचे दार लावून घेणे. येथे उपाय एकच: नाका-तोंडावर फडके किंवा मास्क, आणि उघडी हवा. काजू भाजताना टरफलाच्या तेलाचा निघणारा धूर, डिचोलीकडील खनिजाची तांबडी धूळ, ह्यांचाही त्रास बहुधा दाहाचा असतो, वावड्याचा नव्हे.

साधी सर्दी ही तिसरी जात. ती विषाणूंमुळे होते, आणि तिच्यात हिस्टामीनचा वाटा फारसा आढळत नाही. मग जुन्या गोळीने सर्दीतही नाक थोडे कोरडे पडते, ते का? कारण जुन्या गोळ्या हिस्टामीनबरोबरच ॲसिटिलकोलीनलाही काही अंशी अडवितात. त्यापायीच तोंडही कोरडे पडते, आणि वयस्कर पुरुषांना कधी कधी लघवीची अडचण होते.

ह्या तिघांतला भेद ओळखण्याची व्यवहारी खूण अशी. सर्वजण एकदमच शिंकत असतील व बाहेर जाताच थोड्या वेळात बरे वाटत असेल, तर तो तिखटाचा वा धुराचा दाह. अंग दुखणे, घसा बसणे, बारीक ताप, आणि आठ-दहा दिवसांत आपोआप बरे होणे, ही सर्दी. आणि इतर धडधाकट असता एकट्यालाच, विशेषतः सकाळी, शिंकांची माळ, स्वच्छ पाणी, डोळ्यांना व टाळूला खाज, आणि हे आठवडे न् आठवडे चालणे; हे वावडे. घरात आणखी कोणास दमा वा इसब असेल, तर शंका अधिक बळावते.

गोळी आणि झोप

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. हिस्टामीन केवळ नाकातच असते असे नाही. मेंदूतही त्याचे एक ठाणे आहे, आणि तेथे त्याचे काम माणसास जागे ठेवणे हे आहे. तेथील ग्राहीही एच-१ च! क्लोरफेनिरामीन, फेनिरामीन, डायफेनहायड्रामीन ह्यांसारखी जुनी औषधे रक्तातून मेंदूत सहज शिरतात आणि नाकातील पेढीबरोबर मेंदूतील शाखेसही टाळे ठोकतात. आमच्या स्नेह्यांच्या वहीतील चूक आणि पुलाजवळची डुलकी ह्यांचे मूळ येथे होते. विशेष असे की, आपल्याला झोप आली नाही असे वाटत असतानाही हात व लक्ष मंदावलेले असू शकते. आणि रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल काहींना दुसऱ्या सकाळपर्यंत राहतो.

१९८० नंतर निघालेली औषधे मेंदूत फार थोडी शिरतात. त्यांतील पहिल्या काहींपैकी टर्फेनाडीन ह्या औषधाने विशिष्ट परिस्थितीत हृदयाचे ठोके बिघडतात असे आढळल्याने १९९७-९८ च्या सुमारास ते अमेरिकेच्या बाजारातून निघून गेले. शरीरात त्याचेच रूपांतर होऊन बनणारे फेक्सोफेनाडीन मात्र निर्धोक ठरले व त्याची जागा त्याने घेतली. लोराटाडीन हेही बहुतेकांना झोप आणीत नाही. सेटिरिझीनने काहींना थोडी झोप येते. नवे तेवढे चांगले असे नव्हे, आणि जुने ते सोने असेही नव्हे. मालाची पारख करूनच तो घ्यावा, हा आपला जुना नियम येथेही खरा.

आणखी एक गोष्ट. एच-१ ग्राही हा उघड-मीट करणाऱ्या दारासारखा आहे, आणि ही औषधे त्याला मिटलेल्या अवस्थेत धरून ठेवतात असे आढळले आहे. हुंडी सकारली गेल्यावर दार लावण्यात अर्थ नाही. म्हणून ज्यास वावडे आहे असे ठरले असेल, त्याने वखार झाडण्यापूर्वी गोळी घेणे हे शिंका लागल्यावर घेण्यापेक्षा अधिक फलदायी. नाक मोकळे करणारे थेंब मात्र चार-पाच दिवसांपेक्षा अधिक वापरू नयेत. त्यांची सवय जडली की थेंब न घातल्यास नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदते, आणि माणूस बाटलीचा ऋणको होऊन बसतो.

शत्रू कोण, तो कोठे राहतो?

औषध ही झाली वसुली थांबविण्याची युक्ती. हुंडी लिहिलीच जाऊ नये, हे अधिक चांगले. त्यासाठी पहारेकऱ्यांनी कोणास शत्रू मानले आहे, ते शोधले पाहिजे.

आपल्या धंद्यात पहिला संशयित म्हणजे धुळीतील कोळीड्यांसारखे अतिसूक्ष्म जीव. घरातील धुळीच्या वावड्याचे मूळ त्यांच्यात आहे, असे हॉलंडच्या लायडन येथील संशोधकांनी १९६४ मध्ये दाखवून दिले. मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे हे जीव गादी-उशीत राहतात व ओलसर हवेत वाढतात. त्यांचे भाऊबंद साठविलेल्या धान्यात व पिठात आढळतात. धान्य हाताळणाऱ्यांच्या त्वचेला त्यांमुळे खाज सुटते, आणि इंग्रजीत त्या विकाराचे नावच 'किराणा दुकानदाराची खाज' असे पडले आहे! दुसरा संशयित बुरशी. ओल्या पोत्यावर, खोबऱ्यावर, भिंतीवर ती धरते आणि तिचे बीजाणू हवेत उडतात. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात प्रा. एस. टी. टिळक ह्यांनी हवेतील अशा बीजाणूंचा व परागांचा दीर्घकाळ अभ्यास केला, आणि हवेचे नमुने गोळा करणारे त्यांचे यंत्र 'टिळक एअर सॅम्पलर' ह्या नावाने ओळखले जाते.

तिसरा संशयित गाजर गवत. १९५० नंतरच्या दशकात पुण्याच्या परिसरात ते प्रथम लक्षात आले. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले असावे असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याने पुष्कळांची त्वचा फोडली, आणि त्याच्या परागांनी कित्येकांची नाकेही वाहविली. धान्याच्या एका पोत्यातून काय काय येऊ शकते, ह्याचे हे उदाहरण भुसार व्यापाऱ्याने कायम स्मरणात ठेवावे.

उपाय खर्चाचे नाहीत. पोती भिंतीला न टेकविता लाकडी फळ्यांवर रचावीत. पावसाळ्यापूर्वी वखारीची गळती बंद करावी. उघडीप मिळताच खिडक्या उघडाव्यात. कोरड्या झाडूने धूळ उडविण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपावी. चादरी-अभ्रे आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. उकळून थंड केलेल्या स्वच्छ पाण्यात मीठ घालून नाक धुणे, म्हणजे आपली जलनेती, अनेकांना आराम देते. पाणी मात्र उकळलेलेच असावे. आणि वखारीत पोती वाहणारे हमाल, धान्य चाळणाऱ्या बाया, ह्यांस मास्क देणे हा उपकार नसून मालकाचे कर्तव्य आहे. ज्या धुळीत आपण घटकाभर उभे राहतो, त्या धुळीत ते दिवसभर श्वास घेतात.

नाकापुढची गोष्ट

हे सर्व सांगण्याचे कारण केवळ रुमाल वाचविणे नव्हे. नाक व फुप्फुस ह्यांची वाट एकच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शनात हीच गोष्ट ठासून सांगितली आहे. दम्याच्या बहुसंख्य रोग्यांना नाकाचेही वावडे असते, आणि नाकाचे वावडे दीर्घकाळ असलेल्यांना पुढे दमा होण्याचा संभव इतरांहून अधिक असतो. तेव्हा मुलाच्या छातीत रात्री सूं-सूं आवाज येत असेल, खेळताना त्यास धाप लागत असेल, तर 'सर्दीची खोड' म्हणून स्वस्थ बसू नये.

चोपड्याच्या आमच्या स्नेह्यांची कथा येथेच पुरी करतो. स्कूटरच्या अपघातानंतर त्यांच्या चिरंजीवांनी आग्रह धरून त्यांस नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे नेले. त्वचेवर टोचून केलेल्या परीक्षेत धुळीतील सूक्ष्म जीवांचे व बुरशीचे वावडे निघाले, मिरचीचे नव्हे. जुनी गोळी सुटली, झोप न आणणारी गोळी व फवारा सुरू झाला, पोती फळ्यांवर चढली. त्याच भेटीत आणखी एक गोष्ट उघडकीस आली. त्यांच्या सात वर्षांच्या नातवाला रात्री खोकला येई, आणि घरात त्याला आजोबांची खोड लागली असे कौतुकाने म्हणत. तो दम्याचा आरंभ होता. वेळीच उपचार मिळाल्याने तो मुलगा आज शाळेच्या मैदानावर इतर मुलांबरोबर धावतो.

गेल्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा त्या दुकानी गेलो. बाहेर नदीवर सरी कोसळत होत्या. आमच्या स्नेह्यांनी वही उघडून दाखविली; आकडे जागच्या जागी होते. मिरचीचे पोते उघडले तेव्हा ते शिंकले, आम्हीही शिंकलो, आणि हमालही शिंकला. ते हसून म्हणाले, "ही शिंक सगळ्यांची, हिला औषध नको. माझ्या एकट्याची जी होती, ती मात्र वेळीच ओळखायला हवी होती."

आमच्या सर्व सभासद बंधू-भगिनींनी आपापल्या घरातील अशी 'एकट्याची शिंक' ह्या वर्षी ओळखून काढावी आणि जाणत्या वैद्यास दाखवावी, एवढीच आमची विनंती आहे.